सगळी बटनं वर

आमच्या शेजारचे सुभेदार तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतात. यजमान बिचारा "या तात्या, बसा" म्हणत पुढे आलेला असतो, आतून पाण्याचा तांब्या निघालेला असतो, आणि तात्या दारातच उभे राहून बटनं तपासत असतात. पंखा फिरतोय, बटन खाली. बरोबर. ट्यूब बंद, बटन वर. बरोबर. एखादं बटन उगाच खाली दिसलं की ते यजमानाला ओलांडून बोर्डापाशी जातात, एका बोटानं ते वर करतात आणि मगच टेकतात. "हं. आता बोल, काय म्हणतोस?"

लोक हसतात, पण तोंडावर कुणी हसत नाही. एक तर तात्या मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून ड्यूटीवर. दुसरं म्हणजे आमच्या आष्ट्यात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर हसायची रीत नाही. मागं हसायला कुणाची बंदी नाही, आणि त्यात आम्ही काही कमी करत नाही.

माझं बसस्टँडजवळ चष्म्याचं दुकान आहे. त्या गाळ्यात माझ्याआधी ज्यूसवाला होता. तो गेला, त्याचा मिक्सर गेला, पण बोर्डावर त्याचं एक बटन राहिलं. त्याला ना पुढं काही, ना मागं काही. ते कित्येक वर्षं खालीच होतं आणि मला कधी दिसलंही नव्हतं. लोकांचे नंबर काढून देणाऱ्या माणसाची ही नजर. एकदा तात्या चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आले आणि त्यांनी विचारलं, हे कशाचं. मी म्हटलं, कशाचंच नाही.

"मग खाली का?"

मी समजावलं, की तात्या, त्याला कनेक्शनच नाही, वर काय आणि खाली काय. राष्ट्रगीत चालू असताना मी बसून राहिलो असतो तरी तात्यांनी माझ्याकडे याहून वाईट नजरेनं बघितलं नसतं. त्यांनी जाऊन ते बटन वर केलं. "ज्याला काम न्हाई त्यानं आरामात ऱ्हावं," ते म्हणाले. "उगं ड्यूटीवर असल्यागत दाखवू नये." तेव्हापासून ते बटन आरामात आहे. आणि खरं सांगायचं तर आता कुणी ते चुकून खाली केलं की मलाच चैन पडत नाही.

यामागं तात्यांचं एक शास्त्र आहे. आपल्याकडे लाईट जाते. गेली की माणूस विसरतो, आपण दिवा लावला होता की नव्हता. मग ती कधीतरी परत येते आणि रिकामं घर लख्ख उजळून बसतं. तात्यांचं म्हणणं, अंधारात नुसता हात फिरवला तरी बटनानं सांगितलं पाहिजे, मी चालू आहे का बंद. वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू. "बटनानं खोटं बोलायचं न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसांच्या बाबतीत ते एवढे कडक नाहीत.

शिस्त फक्त बटनांपुरती नाही म्हणा. गल्लीत एका घरी म्हातारे वारले तेव्हा आत रडारड चालली होती आणि बाहेर तात्या लोकांच्या चपला जोडीनं, मापानं, एका ओळीत लावत होते. बायकांनी पदर तोंडाला लावले, ते सगळेच रडण्यासाठी नव्हते. पण उठताना प्रत्येकाला आपली चप्पल एका नजरेत सापडली, हेही खरं. नाहीतर मयताच्या घरून दुसऱ्याची चप्पल घालून येणं आमच्याकडे नवीन नाही.

या माणसाबरोबर संसार केला इंदूकाकींनी, आणि तो एका शब्दावर केला. तो शब्द म्हणजे "बरं". तात्या काहीही सांगोत, काकी "बरं" म्हणायच्या आणि मग आपल्याला हवं तेच करायच्या. तात्यांची उमर सगळी सरहद्दीवर गेली. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, घरातल्या सगळ्या वस्तू ओळीत लावायचे आणि परत जायचे. ते गेले की काकी वस्तू पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या. सासू, एकुलती लेक सुनंदा, गोठ्यातली म्हैस, हे सगळं काकींनी एकटीनं सांभाळलं. त्यामुळं तात्या पेन्शनवर आले तेव्हा घराच्या रीतीभाती काकींच्या होत्या, आणि त्या बदलायची तात्यांचीही छाती नव्हती.

त्यातली एक रीत तिन्हीसांजेची. दिवेलागणीला काकी आधी देवापुढं दिवा लावणार, मग घरातली लाईट लावणार आणि लागलेल्या लाईटीला हात जोडणार. ही लाईट घरच्या बाईच्याच हातानं लागली पाहिजे. त्या वेळेला पुरुषमाणसानं बटनाला हात लावायचा नाही. गावभरच्या बटनांचे मालक असलेले तात्या तिन्हीसांजेला मात्र स्वतःच्या घरात अंधारात बसून राहायचे. मी एकदा त्या वेळी त्यांच्याकडे गेलो आणि नेमका त्यांच्या पायावर पाय दिला. "थांब जरा," अंधारातून तात्या म्हणाले. "ती धार काढून येतीया."

पुढं काकींचे गुडघे गेले आणि त्यापायी रफिक वायरमन घरात आला.

तात्यांचं घर म्हणजे पुढं ओटा, मधे लांबलचक माजघर, मागं स्वयंपाकघर आणि माजघराच्या कुशीला झोपायची खोली. माजघराला खिडकी नाही. आमच्या भिंतीच्या बाजूला उंचावर एक झरोका तेवढा आहे. लाईटीचं बटन एकच, तेही पुढच्या दाराशी. म्हणजे काकी गोठ्यातून मागल्या दारानं आल्या की चाचपडत अख्खं माजघर ओलांडून पुढं यायचं, लाईट लावायची आणि परत मागं जायचं. एका संध्याकाळी त्या वाटेतल्या पाटाला अडखळल्या आणि पडता पडता राहिल्या.   दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकला सायकलवरून उतरवून तात्या त्याला थेट माजघरात घेऊन आले.

"वर मधोमध नवी लाईट बसवायची," तात्यांनी हुकूम दिला. "आन बटनं तीन. एक पुढच्या दाराला, एक झोपायच्या खोलीपाशी, एक हिच्या स्वयंपाकघराच्या दाराला. कुठनंबी लावली तर लागली पायजे, कुठनंबी घालवली तर गेली पायजे."

हे तात्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी साक्षीदार आहे. आपण काय मागतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

रफिकचं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असतं, "हुतंय की." त्यानं सांगितलं, की दोन टोकांना टू-वे बटनं लागतील आणि मधल्या जागेला त्याहून निराळ्या जातीचं बटन लागेल, ते आष्ट्यात मिळत नाही, सांगलीहून आणायला पाहिजे. तात्या स्वतः एसटीनं सांगलीला जाऊन ते घेऊन आले. मग रफिकनं पट्ट्या ठोकल्या, वायरी ओढल्या, छताला थाळीएवढी गोल एलईडी बसवली. काकींनी त्याला चहावर चहा दिला. एवढा मान त्यांनी जावयालाही दिला नव्हता.

काम झाल्यावर तात्या म्हणाले, दाखव. रफिकनं मेन चालू केला आणि तिन्ही बटनं वर असताना लाईट भक्कन लागली. तात्या गंभीर झाले. रफिकला सवय होती. त्यानं पुढच्या दाराचा बोर्ड उघडून आतल्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि झाकण लावलं. आता तिन्ही वर आणि लाईट बंद. तात्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

ते फार वेळ टिकलं नाही. काकी लुटूलुटू चालत स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि बटन खाली केलं. लाईट लागली. काकी हरखल्या. त्या उजेडातून सावकाश चालत पुढच्या दाराशी आल्या, वाटेतला पाट त्यांनी अगदी बघून ओलांडला, आणि तिथलं बटन खाली केलं. लाईट गेली. काकी लहान पोरीसारख्या हसल्या. तात्या मात्र भिंतीकडे बघत उभे. दोन बटनं खाली, आणि अंधार.

"रफिक," ते म्हणाले, "हे खोटं बोलतंय."

रफिकनं परोपरीनं सांगितलं, की तात्या, टू-वे असंच असतंय, ह्यात बटन वर हाय का खाली ह्याला काय अर्थ नसतो, लाईट लागली का न्हाई तेवढंच बघायचं. इतर काही बोलला असता तर चाललं असतं. बटनाला अर्थ नसतो हे वाक्य तात्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी त्याला विचारलं, की लाईट गेल्यावर अंधारात मी हात लावला, तर हे चालू आहे का बंद हे मला कसं कळायचं. रफिक म्हणाला, लाईट आल्यावर कळेल.  तात्यांनी त्याची मजुरी हातावर ठेवली आणि खुर्ची ओढून नव्या लाईटीखाली विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्हाला म्हणजे काकींना आणि मला. मला का, तर माझं येणंजाणं असतं आणि मी बेशिस्त आहे. तात्यांनी रात्रभरात नियम शोधून काढला होता.

"सगळी वर, लाईट बंद. एक खाली, लाईट चालू. जे खाली, त्यानं लावली. आन ज्यानं लावली, त्यानंच घालवायची."

म्हणजे काकींनी स्वयंपाकघरापाशी लावली तर मालवायलाही त्यांनी स्वयंपाकघरापाशीच जायचं. मग कुठलंच बटन कधी खोटं बोलणार नाही, आणि शिवाय लाईट कुणी लावली तेही नुसत्या नजरेनं कळणार. ऐकायला ते एकदम चोख होतं. काकींनी मात्र गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आवं, पर मग तीन बसवली कशापायी?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, सोय सोयीच्या जागी आणि शिस्त शिस्तीच्या जागी. काकी म्हणाल्या, "बरं."

त्या "बरं"चा अर्थ मला कळला होता, तात्यांनाही कळला असावा. काकी तिन्हीसांजेला स्वयंपाकघरापाशी लाईट लावायच्या, हात जोडायच्या, आणि निजायच्या वेळी झोपायच्या खोलीपाशी ती खुशाल मालवायच्या. दोन बटनं खाली, आणि अंधार. मग तात्या उठायचे. आधी स्वयंपाकघराचं वर करायचे, त्याबरोबर लाईट लागायची. मग चालत येऊन खोलीचं वर करायचे, लाईट जायची. तेव्हा कुठं सगळी बटनं वर. आमच्या झरोक्यातून रोज निजायच्या वेळी हा उजेड एकदा लागून जायचा. माझी बायको त्यावर दूध विरजायला उठायची. घड्याळापेक्षा ते बरं होतं.

सर्वांत जास्त हाल झाले जावई आले तेव्हा. सुनंदा सातारला दिलेली. दिवाळीला ती आणि जावई आले. आता जावयाला कुणी नियम सांगत नाही. जावई खोलीपाशी लाईट लावायचे आणि पुढच्या दारातून बाहेर पडताना मालवायचे. ते अंगणात पोहोचले की मागं माजघर एकदा उजळून विझायचं. जेवताना हात धुवायला उठले तरी तेच. तात्या जावयांच्या मागोमाग अदबीनं फिरत होते आणि बटनं वर करत होते. जावयांना वाटलं, व्होल्टेजची काहीतरी भानगड आहे. जाताना त्यांनी रफिकला गाठून सांगितलं, की आमच्या सासऱ्यांकडचं वायरिंग एकदा नीट बघून घ्या. रफिक येऊन बघून गेला. वायरिंग नीट होतं.

हे असं गमतीत चाललं होतं. पण काकींचे गुडघे काही थांबेनात. शेवटी मिरजेला ऑपरेशन ठरलं. गाडी भल्या सकाळी आली. ऑपरेशन नीट झालं, आणि तिथूनच सुनंदा आईला घेऊन सातारला गेली. तिच्याकडे फ्लॅटला लिफ्ट, कमोड, व्यायाम शिकवायला घरी येणारी बाई. महिनाभर राहू दे, मग आणून सोडते म्हणाली. तात्या एसटीनं एकटे आष्ट्याला परत आले.

महिना झाला. मग दुसरा झाला. काकी चालायला लागल्या. सुनंदाच्या मनात आता निराळंच होतं. आईनं कायमचं सातारलाच राहावं, इथं गोठा, पायऱ्या, उकिडवं बसणं, हे सगळं नको. तात्यांनीही घर बंद करून यावं. मुलगी म्हणून तिचं काही चुकत नव्हतं. पण काकी काय म्हणतात ते कळेना. मी फोनवर विचारलं, की काकी, कधी येणार. तर म्हणाल्या, "त्यास्नी इचार." तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "तिला इचार. तिथं तिला सुख हाय, मी कशाला बोलवू?" एक म्हणायची, बोलावलं तर येईन. दुसरा म्हणायचा, आली तर बरं, पण बोलावणार नाही. दोघांत मिळून एक वाक्य बोलायचं होतं आणि तेवढंच कुणी बोलत नव्हतं. मला दोघांचाही राग यायला लागला होता. काकी आल्या नाहीत तर शेजारचं घर बंद होणार हे मला दिसत होतं, आणि मला ते नको होतं.

तात्यांचं तसं बाहेरून सगळं व्यवस्थित होतं. भाकरी शेजारून आमच्याकडून जायची. म्हैस त्यांना धार देईना, कारण तिला काकींचाच वास ओळखीचा. मग तात्या काकींचं जुनं लुगडं खांद्यावर टाकून धार काढायला बसायला लागले. मिशा, बनियन आणि खांद्यावर हिरवं लुगडं. गल्लीनं दोन दिवस हसून घेतलं आणि मग कुणाला काही वाटेनासं झालं. म्हैस खूश होती.

एकच गोष्ट मला उशिरानं जाणवली. निजायच्या वेळचा तो झरोक्यातला उजेड बंद झाला होता. मी बायकोला म्हटलं, काकी नाहीत, तर बटन चुकवणार कोण आणि दुरुस्त करणार कशाला. ती म्हणाली, "होय, पण मला विरजणाची आठवण राहत नाही आता."

सुनंदाचा मला फोन आला. "दादा, तुम्ही तरी तात्यांना समजवा. रोज तिन्हीसांजेला आईला फोन करतात. 'लागली' म्हणतात, आई 'बरं' म्हणते, की ठेवून देतात. एवढंच. असं किती दिवस चालायचं? त्यांना म्हणावं, इकडं या." मी कबूल केलं. मला ते पटलेलं होतं असं नाही, पण काहीतरी एक व्हायला हवं होतं.

मी गेलो तेव्हा दिवस मावळत होता. माजघरात अंधार. तात्या पुढच्या दाराशी खुर्चीवर बसले होते, नुकतीच धार काढून आलेले, खांद्यावर अजून लुगडं. मला बस म्हणाले. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तात्या उठले, आत जाऊन देवापुढं दिवा लावून आले आणि पुढच्या दाराच्या बोर्डापाशी उभे राहिले. संगतीचा परिणाम म्हणून मीही बोर्डाकडे बघितलं. बटन खाली होतं. तात्यांच्या घरात बटन खाली आणि अंधार. मला वाटलं, लाईट गेली असावी.

तात्यांनी ते बटन वर केलं आणि लाईट लागली. त्यांनी लाईटीला हात जोडले.

मी माजघरभर नजर फिरवली. पुढच्या दाराचं वर. झोपायच्या खोलीचं वर. स्वयंपाकघराचं मात्र खाली. म्हातारा विसरायला लागला, असं मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं. मी उठलो. म्हटलं, तात्या, मागचं खाली राहिलंय, मी करतो वर.

"हात लावू नगंस."

आवाज मोठा नव्हता, पण मी जागच्या जागी थांबलो. तात्यांनी लुगडं खांद्यावरून काढलं आणि घडी घालत घालत सांगायला लागले. माझ्याकडे न बघता, तुटक तुटक. मिरजेला निघायच्या सकाळी काकींनी उठून स्वयंपाकघरापाशी लाईट लावली होती. गाडी दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, काकींना उंबरा ओलांडायला धरायला पाहिजे. त्या गडबडीत तात्यांनी पुढच्या दाराशीच लाईट घालवली. स्वतःचा नियम स्वतः मोडला आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मग ऑपरेशन, मग काकी लेकीच्या गाडीत बसून सातारच्या वाटेनं, आणि तात्या घरी.

"आलो तवा अशीच तिन्हीसांज हुती. घरात काळोख. दाराशी हात घातला, तर बटन खाली. वर केलं, तर लाईट लागली." घडी पुन्हा उलगडून त्यांनी ती नव्यानं घालायला घेतली. "बगतो तर माझं वर, खोलीचं वर. आन तिचं तेवढं खाली. मग लावली कुणी?"

 नियम त्यांचाच होता आणि मला पाठ होता. जे खाली, त्यानं लावली.

"मी सरहद्दीवर असताना तिनं एक सांज चुकवली न्हाई," तात्या म्हणाले. "आता बी तिचाच हात लागतोय. निजताना मी माझं खाली करतो, सांजला तेवढं वर करतो. बाकी मी कशाला हात लावत न्हाई."

मी खाली बसलो. सुनंदानं सांगितलेलं एकही वाक्य आता माझ्या तोंडातून निघालं नसतं. जन्मभर बटनं वर करत आलेला हा माणूस गेले दोन महिने खाली बटन आणि अंधार सोसत होता. बटन खाली असून अंधार ही गोष्ट ज्याला घासातल्या खड्यासारखी टोचायची, तो रोज रात्री त्या खड्यासकट निजत होता. आणि मी त्याला घर बंद करायला सांगायला आलो होतो.

तात्यांनी घडी खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवली, चष्मा लावला आणि सातारला फोन जोडला.

"लागली."

पलीकडून काकींचं "बरं" मला ऐकू आलं. तात्या ठेवणार तेवढ्यात मी हात पुढं केला आणि फोन घेतला. काकींनी माझा आवाज ओळखला. वेळेवर जेवतात का, रात्री खोकला येतो का, म्हैस कशी आहे, एवढं त्यांनी भराभर विचारून घेतलं. जेवढं त्या तात्यांना विचारत नव्हत्या तेवढं सगळं. मी उत्तरं दिली. मग मी म्हटलं, काकी, स्वयंपाकघरापाशी तुमचं बटन अजून खालीच आहे. मिरजेला जाताना तुम्ही केलं होतं तसंच. तात्या कुणाला हात लावू देत नाहीत.

 काकी म्हणाल्या, "वर करा म्हणावं त्यास्नी. लाईनीत नसलं की झोप येत न्हाई त्यास्नी."

मी तात्यांना सांगितलं, काकी म्हणतात, बटन वर करा.

तात्या पाठ करून उंबऱ्यापाशी गेले. तिथं माझ्या चपला मी नेहमीसारख्या वेड्यावाकड्या काढल्या होत्या. ते वाकले, दोन्ही चपला जोडीनं लावल्या, आणि तसेच वाकलेले असताना म्हणाले,

"तिला म्हणावं, ज्यानं लावली त्यानंच घालवायची. नियम हाय."

फोन मी त्यांच्या दिशेनं धरूनच ठेवला होता, त्यामुळं निरोप सांगायची गरज पडली नाही. मी तो परत कानाला लावला आणि "बरं" कधी येतं याची वाट बघत राहिलो. ते आलं नाही.  मग फोनपासून लांब, दुसऱ्या खोलीत कुणाला तरी मारलेली काकींची हाक ऐकू आली.

"सुनंदे, माझी पिशवी कुठं ठेवलीस गं?"